हुंगून सांगण्याचं काम

आग लागली तेव्हा शेगडीचं डावं बटण चालू होतं. ते मी बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. हात पुढे गेला आणि बटण फिरवून मागे आला. नंतर लोक आत आले तेव्हा त्यांना दोन्ही बटणं बंद दिसली आणि ओट्याखाली जळून लोंबणारी गॅसची नवी नळी दिसली. तेवढ्यावरून सगळ्यांनी ठरवलं. नळी माझ्या मित्रानं बसवली होती. दोष त्याच्याकडे गेला आणि त्याच्याकडेच राहिला. मला खरं माहीत होतं, तरी मी त्याच्या शेजारी बसून चहा पीत राहिलो.

म्हणून हे लिहितो आहे. नावं लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

आम्ही तिघं एका प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. चाकणच्या रस्त्याला, आता जिथं मोठाली गोदामं झाली आहेत, त्याच्या मागच्या बाजूला. लोखंडाचे भाग ॲसिडच्या हौदात बुडवायचे, धुवायचे, मग क्रोमच्या हौदात सोडायचे, असं काम. हौदावर पिवळसर धूर असायचा. माझे दोघे मित्र त्या हौदांवर होते. एक मावळातल्या गावचा, इथलाच. कारखान्यात लागल्यावर संत तुकाराम नगरमध्ये घर घेऊन राहिलेला. दुसऱ्याचे वडील तळवड्यात सायकली दुरुस्त करायचे. त्याचे हात लहानपणापासून तेलातच होते. मी मराठवाड्यातून आलेला, बारावी झालेला, म्हणून मला इन्स्पेक्शनला घेतलं. इन्स्पेक्शनची खोली काचेची होती आणि तिला पंखा होता. आमच्यात फरक एवढाच होता, एका काचेचा.

हौदावरच्या माणसांचं नाक आधी वाहायचं, मग त्यातून रक्त यायचं आणि काही वर्षांनी त्यांना वास येणं बंद व्हायचं. कंपनी त्यावर गूळ द्यायची. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकाला गुळाचा एक खडा. त्यानं घसा आणि छाती साफ होते, असं सगळे मानायचे. मीही घ्यायचो, माझा त्यावर हक्क नसताना.

डबे आम्ही तिघं एकत्र खायचो. त्या दोघांचं नाक गेल्यावर माझ्याकडे एक काम आपोआप आलं. उन्हाळ्यात डब्यातली भाजी आंबायची आणि त्यांना कळायचं नाही. एकदा मावळातला मित्र विटलेली उसळ अर्धी खाऊन बसला. तेव्हापासून डबा उघडला की तो आधी माझ्यासमोर धरायचा. "हुंग रं." मी हुंगायचो. "चालेल," म्हटलं की घास तोंडात जायचा. दोघं मला 'नाक'च म्हणायला लागले. "ए नाक, बस चुकली काय?" "नाकाला बोलवा, जेवायचंय." मला त्याचा राग कधी आला नाही. उलट, काचेच्या आत बसून जे वाचवलं होतं ते त्यांच्या कामी येतंय, असं वाटून जरा हलकं वाटायचं.

कारखाना बंद झाला. तळवड्याच्या मित्रानं स्वतःची शेड टाकली. तो वेल्डिंग करी, गाड्यांची कामं करी, आणि ओळखीच्या घरांतले गॅस, मोटारी, नळ बघी. मावळातल्या मित्राची बायको गेली. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि मारुंजीला फ्लॅट घेऊन राहिला. मित्र संत तुकाराम नगरमध्ये एकटा उरला. बायको गेली त्या दिवसांत तळवड्याचा मित्र रोज स्कूटरवरून त्याला डबा नेऊन द्यायचा. तेरावा झाला तेव्हा मावळातला म्हणाला, "आता डबा नगं. आता तुमी हितं या जेवायला. मी करतो."

तेव्हापासून महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, आम्ही त्याच्याकडे जेवायला जमायचो. जेवण साधंच. पिठलं, भाकरी, आमटी, कांद्याची पात. तळवड्याचा मित्र बाजारातून पात आणि मुळे आणायचा. त्याच्या बायकोनं केलेली लसणाची चटणीही आणायचा. रमझानचा महिना आला की त्याचे रोजे असायचे, जेवण नसायचं. ते आम्ही कधी ठरवलं नव्हतं, तसंच चालत आलं. आणि शेवटी गूळ. कारखाना गेला तरी गूळ राहिला. मावळातला मित्र डबीतून एकेक खडा काढून हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या, कंपनीकडून."

जेवणाआधी पातेलं माझ्यासमोर यायचं. झाकण निघायचं. मी वाकायचो. मग पानं वाढली जायची.

मी स्वयंपाक करत नव्हतो, काही आणत नव्हतो, गोष्टीही सांगता येत नव्हत्या मला. एक सांगायचा, दुसरा त्याला टोमणे मारायचा, मी ऐकायचो. माझ्याकडे तेवढं एकच काम होतं.

मग कोरोना आला. मला ताप आला आणि वास गेला. तसा तो पुष्कळांचा गेला आणि पुष्कळांचा परत आला. माझा आला नाही. सकाळी उठून मी साबण हुंगायचो, कापूर हुंगायचो, स्वच्छतागृहात जाऊन फिनेलची बाटली उघडून नाकाला लावायचो. काहीच नाही. कोऱ्या भिंतीला नाक लावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, थांबा, येईल. मी थांबलो.

सगळं उघडल्यावर पहिलं जेवण ठरलं तेव्हा मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगून टाकायचं. दार उघडताच मावळातला ओरडला, "आलं रं, नाक आलं! आता जेवायला काय भ्या न्हाई." तळवड्याचा म्हणाला, "इतके दिवस हा माणूस डाळ कुत्र्याला दाखवून खात होता. कुत्र्यानं खाल्ली की हा खायचा."

"मंग? त्याचं नाक तुज्यापेक्षा बरं हाय."

दोघं हसत होते. पातेलं माझ्यासमोर आलं. मी वाकलो, डोळे मिटले, श्वास घेतला. वाफ गरम लागली, एवढंच. "झकास," मी म्हणालो.

पुढच्या वेळी सांगू, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. पण पुढच्या वेळी सांगायचं म्हणजे मागच्या वेळचं खोटंही सांगावं लागणार होतं. त्याच्या पुढच्या वेळी दोन वेळचं. मी रंग बघायला लागलो, वाफ बघायला लागलो. आमटी कधी केली, असं सहज विचारून घ्यायचो. जन्मभर वस्तू नुसत्या बघून पास-नापास केल्या होत्या. इथंही तेच करू लागलो.

एकदा चुकलं. आमटी आदल्या दिवशीची होती आणि मी पास केली. मावळातला मित्र दोन दिवस झोपून होता. तळवड्याच्यालाही त्रास झाला, मलाही. फोनवर मावळातला म्हणाला, "त्या दह्यानं घात केला, बघ. दुकानदार लबाड हाय." मी म्हणालो, "हो, दहीच असणार." मला कळलं होतं. हे पोटदुखीवर थांबणार नाही, हे तेव्हाच मला कळलं होतं.

तरीही मी गप्प राहिलो. कारण विचित्र आहे, पण लिहितो. मी सांगितलं असतं तर मुलाच्या कानावर गेलं असतं. मुलगा आधीच मागे लागला होता: बाबा, एकटे राहू नका, तुम्हाला करपलेलंही कळत नाही, मारुंजीला चला. त्याला मित्राचं उत्तर ठरलेलं असायचं, "माजं नाक येतंय की जेवायला!" माझ्या नाकाच्या जोरावर तो त्या घरात राहत होता. मी खरं बोललो तर त्याचं घर बंद होणार होतं आणि आमचं जेवणही. जेवण टिकावं म्हणून मी गप्प राहिलो. तेव्हा मला हे मैत्रीसाठी केलेलं वाटत होतं.

त्या रविवारी रस्त्याचं काँक्रीट फोडायचं काम चाललं होतं. धूळ येते म्हणून त्यानं स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली होती. दोनच दिवसांपूर्वी तळवड्याच्या मित्रानं येऊन गॅसची जुनी नळी बदलली होती. आम्हाला पोचायला उशीर झाला. मित्रानं डाव्या शेगडीवर आमटी बारीक गॅसवर ठेवली होती आणि तो बाहेरच्या खोलीत आमच्याजवळ येऊन बसला. गावातल्या जमिनीवर कुणी कंपाउंड घातलं, त्यावरून कोण कुणाला काय बोललं, हे तो रंगवून सांगत होता. बाहेर ब्रेकरचा आवाज. आम्ही खो खो हसत होतो. आत आमटी उतू गेली, त्या पाण्यानं ज्योत विझली आणि गॅस तसाच येत राहिला.

बऱ्याच वेळानं तो उठला. "भाकऱ्या टाकतो गरम गरम." तळवड्याचा मित्र त्याच्यामागे दारापर्यंत गेला आणि तिथूनच म्हणाला, "थांब, थांब. नवी नळी आहे. बसवली तेव्हा साबणाचा फेस लावून बघितलाय, पण एकदा वास बघून घेऊ. ए नाक, ये इकडं."

"आरं, नळी तू बसिवली, आन् आता भ्या वाटतंय व्हय?"

"भीती नाही, भावा. पद्धत आहे."

मी आत गेलो. ओट्यावर डाव्या शेगडीभोवती आमटी सांडलेली होती. ती मला दिसली. पातेल्याखाली ज्योत नव्हती, तेही दिसलं. त्यानं गॅस बंद केला असेल, असं वाटलं. मी सिलिंडरजवळ वाकलो. डोळे मिटले, कारण मी नेहमी मिटायचो. दोनदा श्वास घेतला, कारण एकदा घेऊन माणूस खात्रीचा वाटत नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "पेटव."

आणि ताटं घ्यायला वळलो.

लायटरचा आवाज मला ऐकू आला. नंतरचा आवाज आवाजासारखा नव्हता. कुणीतरी मोठा पडदा झटकावा तसं काहीतरी झालं. वळून पाहिलं तर मित्राभोवती निळं-पिवळं होतं आणि तळवड्याच्या मित्रानं त्याला बखोटीला धरून मागे ओढलं होतं. त्यानं त्याला फरफटत बाहेर नेलं. मी आत एकटा राहिलो. डावी शेगडी आता भडकून पेटली होती. मी बटण फिरवलं. ओट्याखाली नळी जळत होती, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून डाग आहे. लोक म्हणाले, या वयात धाडस केलंत. "मी रेग्युलेटर बंद केला," एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं.

त्याचे हात आणि चेहरा भाजला. गरम हवा छातीत गेली होती, ते जास्त वाईट होतं. दवाखान्याच्या बाकावर मी आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसलो होतो. मी त्याला पाणी आणून दिलं. गॅस एजन्सीच्या माणसानं नळीलाच दोष दिला, ते त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं. तेवढ्यात तळवड्याचा मित्र कपडे बदलून, हातात थर्मास घेऊन आला. मुलगा उठून दारात गेला. आवाज चढवला नाही त्यानं. "काका, तुम्ही नका येऊ आता. बाबांना भेटायलाही नका येऊ. प्लीज."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तो थर्मास बाकावर ठेवून गेला.

मावळातला मित्र वाचला. मुलानं त्याला मारुंजीला नेलं. संत तुकाराम नगरच्या घराला कुलूप लागलं. मी महिन्यातून एकदा मारुंजीला जाऊ लागलो. दहाव्या मजल्यावर, बाल्कनीत खुर्ची टाकून तो बसलेला असायचा. हातांची कातडी ओढलेली, बोलताना मध्येच दम लागायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"त्यो न्हाई आला?"

"शेडवर काम फार आहे त्याच्या."

"येवढं काय काम?"

मुलानं बापाला खरं सांगितलं नव्हतं, त्याला त्रास नको म्हणून. मीही सांगितलं नाही. पुढे तो म्हणायला लागला, "बायकू गेली तवा रोज डबा आणायचा रं. आन् आता माजं थोबाड बगवंना त्याला?" आणि मग एका महिन्यात त्यानं विचारलंच नाही. मी बसून होतो, तो खाली चाललेल्या बांधकामाकडे बघत होता आणि प्रश्न आला नाही. तो प्रश्न येत होता तोवर माझी सोय होती. तो थांबल्यावर मला तिथं बसवेना.

निघताना लिफ्टपाशी मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काका, ऑक्सिजनचं मशीन घरी आणतोय. डॉक्टर फार काही बोलत नाहीत." मी मान हलवली. लिफ्टचं दार लागता लागता घरातून मित्राची हाक आली. मी परत गेलो. तो खुर्चीतून अर्धवट वळला होता.

"एकदा तिगांनी जेवायचंय," तो म्हणाला. "पिठलं. येकदाच. तू आन त्याला. वडून आन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळवड्याला गेलो. शेडमध्ये पूर्वी कान फुटतील असा आवाज असायचा. आता वेल्डिंगचं मशीन ताडपत्रीखाली होतं. मित्र एका स्टुलावर बसून जुने स्क्रू निवडत होता. त्याच्यामागे भिंतीवर खिळ्याला ती जळकी नळी टांगलेली होती. ती मी तिथं पूर्वीही पाहिली होती आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

"ये, राव. डबा आलाय. वाटून खाऊ."

"काम नाही?"

"घेत नाही. परवा नातवाची सायकल होती, तीसुद्धा दुसऱ्याकडं पाठवली. ब्रेकची वायर मी बसवायची आणि पोरगं उतारावर..." तो थांबला. मग मागे वळून त्यानं नळीकडे बोट केलं. "रोज बघतो मी ही. क्लिप धड आहे, कापलेलं टोक धड आहे. माझ्या हातनं कुठं चुकलं तेच कळत नाही. तू हुंगलास तेव्हा वास नव्हता. म्हणजे तेव्हा गळत नव्हतं. म्हणजे तू वळलास आणि त्यानं लायटर मारला, त्या तेवढ्यात नळी सुटली असणार. म्हणजे क्लिप मी ढिली आवळली. दुसरं काय?"

त्याचा हिशेब बरोबर होता. त्यातली एकच गोष्ट खोटी होती आणि ती माझ्याकडून आली होती.

तो डबा उघडत होता. "सकाळची डाळ आहे, ऊनही फार आहे." जुन्या सवयीनं त्यानं डब्याचा कप्पा माझ्यासमोर धरला. "बघ जरा."

मी वाकलो नाही.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

"सर्दी झालीय?"

"नाही. कोरोनापासून येत नाही."

त्याचा हात तसाच पुढे होता. शेजारच्या शेडमध्ये प्रेस चालली होती, धप्, धप्. त्यानं कप्पा खाली ठेवला.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नव्हता."

"तू वाकला होतास. मी दारात होतो. डोळे मिटून वाकला होतास तू."

"हो."

मग मी बटणाचंही सांगितलं. सांडलेल्या आमटीचं सांगितलं. विटलेल्या आमटीचंही सांगितलं, जी आम्ही दह्यावर ढकलली होती. तो ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. बोलून झाल्यावर मी म्हणालो, "मला माफ कर."

"मला काय तुझी माफी पाहिजे होती?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "मला माझे हात पाहिजे होते, राव."

तो उठला, खिळ्यावरून नळी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही तू ने. आता तू बघ रोज." मग म्हणाला, "त्याच्या पोराला सांगितलंस?"

"नाही."

"मग ऊठ."

डबा तसाच उघडा राहिला. त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी मारुंजीपर्यंत गेलो. इमारतीच्या फाटकापाशी त्यानं गाडी लावली आणि तो गाडीवरच बसून राहिला. "मी वर येत नाही. मला हाकललंय तिथून. तू जा."

मुलगा घरून काम करत होता. कानाला हेडफोन होता. मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "मी त्यांना दारातून परत पाठवलं तेव्हा तुम्ही तिथंच होता, काका."

"हो."

"मला पाणी आणून दिलं होतंत."

"हो."

तो आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो चपला घालून लिफ्टनं खाली गेला. मी बाल्कनीत मित्राजवळ जाऊन उभा राहिलो. खाली दोघं दिसत होते, स्कूटरवर बसलेला आणि समोर उभा असलेला. ऐकू काही येत नव्हतं. मावळातल्या मित्रानं वाकून पाहिलं. "त्योच हाय न्हवं?" त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "त्योच हाय!"

ते दोघं वर यायच्या आत मी त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्या ओढलेल्या चेहऱ्यावरून काय वाटतंय ते आता कळत नाही. बराच वेळ दम घेऊन तो म्हणाला, "म्हंजी येवडी वर्सं आमी काय काय खाल्लं रं?"

दारात तळवड्याचा मित्र उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. मावळातला खुर्चीतच हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. तळवड्याचा हसला नाही. तो आत आला, गुडघ्यांवर बसला आणि मित्राचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघू लागला, एखादं बिघडलेलं काम बघावं तसं.

आता जेवण मारुंजीला होतं. महिनाभर थांबत नाही आम्ही, दर रविवारी जमतो. कारण विचारायची गरज कुणाला पडत नाही. सून पिठलं करते, इंडक्शनवर. भाकऱ्या खालच्या मावशींकडून येतात. तळवड्याचा मित्र पात आणि चटणी आणतो. त्यानं शेडमधली ताडपत्री काढली, असं मुलाकडून कळलं. वेल्डिंग सुरू केलंय. गॅसचं काम अजून घेत नाही.

पहिल्या जेवणाला पातेलं आलं तेव्हा मावळातल्या मित्रानं सवयीनं ते माझ्याकडे सरकवलं. तळवड्याच्यानं ते मध्येच धरलं, माझ्या समोरून पुढे नेलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, जरा वास बघा." सून आली, वाकली, "ताजंच आहे की, काका," म्हणाली आणि गेली. तेव्हापासून तेच चालू आहे. मला कुणी 'नाक' म्हणत नाही. मला कुठल्याच नावानं कुणी हाक मारत नाही. तळवड्याचा मित्र माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही. जे काही सांगायचं ते तो मावळातल्या मित्रामार्फत सांगतो.

"त्याला विचार, भाकरी हवी का."

"भाकरी हवी का, म्हनतोय."

"अर्धी."

"आर्धी दे त्याला."

मावळातल्या मित्राला यात मजा वाटते. दोघांच्या मध्ये बसून तो आमचे निरोप इकडून तिकडे करतो, मध्येच स्वतःची भर घालतो. "भाकरी हवी का, म्हनतोय, आन् दात हायेत का, ते बी इचारतोय." तळवड्याचा म्हणतो, "मी असं काही विचारलं नाही." पण तेही मला नाही, त्यालाच.

मशीन कोपऱ्यात सतत घरघरत असतं. त्याची नळी मावळातल्या मित्राच्या नाकाशी लावलेली असते. अलीकडे जेवता जेवता त्याची मान छातीवर पडते. झोपच असते ती. आधी आम्ही दोघं दचकायचो, सुनेला हाक मारायचो. आता थांबतो. ती झोप दर रविवारी थोडी लांबते आहे. त्या वेळात खोलीत कुणी बोलत नाही, कारण बोलायला मधला माणूस नसतो.

माझ्या घरात ती जळकी नळी आहे. स्वयंपाकघरात, खिळ्याला. मी तिच्याकडे पाठ करत नाही.

परवाच्या रविवारी जेवण झालं होतं. गुळाची डबी आता तळवड्याच्या मित्राकडे असते. त्यानं एक खडा मावळातल्याच्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला, तिसरा काढला आणि म्हणाला, "त्याला विचार, गूळ..." तेवढ्यात लक्षात आलं की मित्राचे डोळे मिटले आहेत. त्यानं वाक्य तिथंच सोडलं. माझ्याकडे बघितलं नाही. खडा त्याच्या बोटांत तसाच राहिला. मीही हात पुढे केला नाही. मशीन घरघरत होतं. आम्ही दोघं मित्राच्या छातीकडे बघत बसलो, तो जागा होण्याची वाट बघत.